पावडर काय धरत होती

माझ्या पीएच.डी.ला चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत ‘चिमणीचं झाकण’ म्हणायचे, आणि हे नाव मीच ओढवून घेतलं होतं. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, एमएस्सी झाली, कॉलेजात शिकवतेस, मग आणखी काय शिकून राहिलीस? तेव्हा माझ्या अंगात मस्ती फार. मी म्हटलं, थर्मलच्या चिमणीतून जो गॅस निघतो ना, तो धरून ठेवणारी पावडर मी बनवते. काकूंचा घास हातातच राहिला. “म्हंजे चिमणीले झाकण लावून राह्यली काय तू?” सगळी पंगत हसली. त्या दिवसापासून मी रस्त्यानं दिसले की कुणी ना कुणी विचारायचंच, “काय मॅडम, झाकण कुठवर आलं?”

मी हसून सोडून देत नसे. मला राग यायचा. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर यांच्याही घरी बसायचा, पापड वाळवायचे तर वरून लुगडं अंथरावं लागायचं, पोरांचे खोकले पावसाळ्यापर्यंत हटत नसत, आणि यांना हसू सुचतं! खरं तर राख वेगळी आणि माझा गॅस वेगळा. माझ्या पावडरीनं कुणाच्या पापडांवरची राख कमी होणार नव्हती. पण हे तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही. गैरसमजातला मोठेपणा मला आवडत होता.

पावडर दिसायला हळदीत जरा काथ मिसळावा तशी. एक सुगंधी आम्ल, एक नायट्रोजनवालं रसायन आणि फॉर्माल्डिहाइड अशी तिन्ही एकत्र करून गरम तेलाच्या भांड्यात बुडवलेल्या चंबूत तासन्‌तास उकळायची, मग घट्ट झालेला गोळा धुवायचा, वाळवायचा, खलात कुटायचा, चाळायचा. फॉर्माल्डिहाइडनं डोळे असे झोंबायचे की मुलींना वाटे मॅडम कशानं तरी रडून आल्यात. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी. आमचं मात्र साखळीचं नव्हतं, जाळीचं होतं. काकूंच्या दिवाळीच्या अनरशाला जशी जाळी पडते तशी, फक्त कुठल्याही डोळ्याला न दिसणारी. त्या जाळीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड जाऊन बसतो, आणि नायट्रोजनच्या ओढीनं बसूनच राहतो. पुढे थोडी ऊब दिली की सोडून देतो. म्हणजे तीच पावडर पुन्हा कामाला. जगात मोठ्या प्रयोगशाळांमधून अशी सच्छिद्र पॉलिमरं तेव्हा नुकती पुढे येत होती. आमच्या सरांनी त्याबद्दल कुठल्याशा परदेशी नियतकालिकात वाचलं आणि त्यांना वाटलं, हे तर आपणही करू शकतो.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पाण्यातले धातू धरणाऱ्या रेझिनांवर त्यांची सारी हयात गेली होती. माणूस सरळ. स्वतःचा डबा अर्धा विद्यार्थ्यांना देणारा. कॉलेजात पृष्ठभाग मोजायचं यंत्र नव्हतं, गॅसचं सिलिंडर नव्हतं, वीज दुपारी हमखास जायची. ज्या गावाच्या चिमण्या महाराष्ट्राला वीज देतात, त्या गावात माझी तेलाची भांडी अर्ध्यात थंड व्हायची. सर म्हणायचे, “आपल्याजवळ काटा आहे ना? मग बस. वजन खोटं बोलत नाही.” ते निवृत्त व्हायला तेव्हा दोन वर्षं उरली होती आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते.

प्रयोग साधा होता. यू आकाराच्या काचेच्या नळीत पावडर भरायची आणि नळी तोलायची. मग तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तासाभरानं पुन्हा तोलायची. वजन जेवढं वाढलं तेवढा गॅस पावडरीनं धरला. गॅस आम्ही घरीच करायचो, म्हणजे संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकून. असा निघालेला गॅस ओला असतो. त्यातलं पाणी काढून घ्यायला वाटेत कॅल्शियम क्लोराइड भरलेली नळी ठेवतात. हे पांढरे खडे पाण्याचे इतके हावरे, की उघड्यावर ठेवले तर हवेतलंच पाणी पिऊन स्वतः चिखल होतात.

नवी बरणी वर्षातून एकदा यायची. तोवर चिखल झालेलं कॅल्शियम क्लोराइड कढईत भाजून परत वापरायचं, अशी आमच्या विभागाची रीतच होती. मला ती माझ्या आधीच्या मुलीनं शिकवली, तिला तिच्या आधीच्यानं. ओव्हन बिघडलेलाच असायचा, म्हणून मी ते डब्यात भरून घरी न्यायची आणि रविवारी दुपारी अंगणात रॉकेलच्या स्टोव्हवर भाजायची. अम्मीनं त्यासाठी एक मोडक्या कानाची कढई वेगळी काढून दिली होती आणि वर सुनावलं होतं, “रवा समझ के किसी ने फाँक लिया तो?” कढईत आधी त्याचं पाणी पाणी होतं, मग ते तडतडतं, अंगावर उडतं, मग पापडी धरते, आणि मग ते कोरडं दिसतं. कोरडं दिसलं की मी स्टोव्ह बंद करायची. गॅस कोरडा करून घेतला, असं मी प्रबंधात लिहिलं. कोरड्या दिसणाऱ्या खड्यांतून घेतला, असं लिहायला हवं होतं.

आकडे उत्तम येत होते. इतके उत्तम, की सरांनी सहा महिन्यांत लेख लिहिला, तो छापून आला, आणि त्यावर सरांचं नाव आधी, माझं नंतर असं पाहून मी तो अंक आठ दिवस पर्समध्ये घेऊन मिरवले.

माझे अब्बा तराजू दुरुस्त करायचे. किल्ल्याच्या दरवाजाजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. बाहेर टांगलेल्या तराजूच्या दांड्या, आत कानस, ऐरण, शिशाचे तुकडे. दरवर्षी सरकारी शिक्का मारून घेण्याआधी व्यापारी आपले काटे त्यांच्याकडे आणत. शिवाय लाकडी पेटी घेऊन ते एस.टी.नं गडचिरोली, अहेरी, पार सिरोंच्यापर्यंत जायचे. मार्कंड्याच्या जत्रेआधी मिठाईवाल्यांचे काटे, उन्हाळ्यात मोहफुलं घेणाऱ्यांचे, सिरोंच्याला सुकी मासळी विकणाऱ्यांचे. एखादा व्यापारी हळूच म्हणायचा, “भाऊ, जरासं इकडं झुकतं राहू द्या.” अब्बा भांडत नसत. सांगितलेला चहा पिऊन घेत, हत्यारं पेटीत भरत आणि काटा तसाच ठेवून निघून येत. पुढच्या वर्षी तोच व्यापारी त्यांना बोलावत नसे, आणि घरी याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, पण कामाचं बोलणं निघालं की अब्बा मराठीवर यायचे, बाजाराच्या मराठीवर. त्यांच्या लेखी तीच धंद्याची भाषा होती.

माझं लग्न लांबलं यावरून नातेवाइकांनी अम्मीचं डोकं खाल्लं तेव्हाही अब्बाच मधे पडले. “तिचं काम होऊ द्या,” एवढंच म्हणाले. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, तासावर शिकवत होते, आणि पुढच्या जूनमध्ये आमच्या विभागात कितीतरी वर्षांनी एक कायम जागा निघणार होती. तिला पीएच.डी. लागत होती. ती जागा गेली तर पुढची कधी, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

प्रबंध टाईप होऊन बांधायला जायच्या बेतात होता. सरांना शेवटची काही वजनं पुन्हा करून हवी होती, आणि नेमका प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा काटा अडला. नागपूरचा मेकॅनिक दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. मी सरांना म्हटलं, माझे वडील बघतील. सर घुटमळले. वाण्याचे तराजू नीट करणारा माणूस इतक्या नाजूक काट्याला हात लावणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते बघून मला राग आला आणि रागाच्या भरात मी अब्बांना दुसऱ्याच दिवशी घेऊन आले.

अब्बांनी आधी अर्धा तास काट्याला हातच लावला नाही. नुसते बघत बसले. मग म्हणाले, “याची धार अकीकाची हाय. वा! ज्यानं बनवला त्याले सलाम.” दांडी ज्या दगडी धारेवर टेकते ती किंचित सरकली होती. त्यांनी ती जागेवर बसवली, पुसून घेतली, पारडी उलटसुलट करून पाहिली. दुपारपर्यंत काटा केसभर वजनालाही हलू लागला. सरांनी स्वतः त्यांच्यासाठी चहा मागवला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

काटा स्थिर होईपर्यंत अब्बांनी माझी वही चाळायला घेतली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे आणि तारखा त्यांच्याइतक्या झरझर मीही वाचत नसे. बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले.

“बेटी, पाऊस लागला का तुह्या पावडरीले भूक जास्त लागते काय?”

मी म्हटलं, म्हणजे?

“हे पाह्य ना. मे महिन्यात एवढंच. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चढते. जानेवारीत पुन्हा उतरते. मोहफुलाचंबी असंच होते. उन्हाळ्यात घेतलेलं पोतं पावसात तोललं का जड. व्यापारी खुश. पण त्यात मोहू काई वाढला नसते.”

मला आधी हसू आलं, मग राग. जुलै ते सप्टेंबर हे माझे सगळ्यात चांगले आकडे होते. मी समजत होते, माझा हात बसला, पावडर सुधारली. लेखात छापले होते तेच. मी म्हटलं, “अब्बा, वाटेत पाणी शोषणारी नळी आहे. ओलावा येऊच शकत नाही.”

“बरं. मंग गॅस सोडू नको. नुसती हवा सोड, याच नळीतून. पाहून घे.” त्यांचा आवाज अगदी सहज होता.

ही चाचणी कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोरीला सुचावी. मला सुचली नव्हती. सरांना सुचली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी अब्बांसमोरच ती केली, कारण मला त्यांना चूक ठरवायचं होतं. बाहेर भुरभुर पाऊस होता. संगमरवराची बाटली काढून टाकली आणि खोलीतली साधी हवा त्याच मार्गानं, त्याच भाजलेल्या खड्यांमधून पावडरीवर तासभर जाऊ दिली. मग नळी तोलली.

वजन वाढलं होतं. नेहमी वाढायचं जवळजवळ तेवढंच. पावडर बिचारी इमानदार होती. आम्ही जे पाजलं ते ती धरत होती, आणि आम्ही तिला चंद्रपूरची पावसाळी हवा पाजत होतो.

अब्बांनी मला पुन्हा तोलायला लावलं. पारडं बदलून. तेच. मग मी नव्या बरणीचं सील फोडलं, कधीही न भाजलेले खडे भरले, आणि दोन्ही चाचण्या परत केल्या. हवेचं वजन आता जवळजवळ काहीच येईना. कार्बन डायऑक्साइडचं आलं, पण इतकं थोडं की कुणी त्यावर प्रबंध लिहिला नसता. कढईतलं वाया गेलेलं कॅल्शियम क्लोराइड मी नळीतून बाहेर काढलं तेव्हा ते एकसंध गोळा झालेलं होतं आणि काचेच्या कडेनं गॅसला मोकळी वाट राहिलेली होती. दोन वर्षं मी ते डोळ्यांनी बघत होते.

“सापडलं ना?” अब्बा म्हणाले. काट्यातला दोष सापडला की ते असेच खुश व्हायचे, चेहरा खुलायचा. “बरं झालं. आता नीट होते.”

माझा छापलेला लेख खोटा ठरला होता आणि हे म्हणत होते, बरं झालं.

सरांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. दार लावून घेतलं, दोन्ही वह्या समोर ठेवल्या. त्यांनी आकडे शांतपणे वाचले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पहिला प्रश्न विचारला तो असा : “किती जणांना सांगितलंस?”

“कुणालाच नाही. अब्बांना माहीत आहे.”

त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग म्हणाले, “मे महिन्यात मी जातो. मग तुला नवीन मार्गदर्शक शोधावा लागेल, नवीन नोंदणी, नवीन विषय. ती जूनची जागा दुसरं कुणी घेऊन जाईल. आणि तो लेख आहे. त्यावर माझं नाव आधी आहे.” आवाज चढला नव्हता. उलट इतका थकलेला होता की मलाच त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. “मी तुला खोटं लिही म्हणत नाही. जे लिहिलं आहे ते राहू दे, एवढंच.”

सारं सरांवर ढकलणं सोपं आहे. मी कैक वर्षं तसं ढकललंही, मनातल्या मनात. पण त्यांनी मला धमकावलं नव्हतं. मी खोलीत शिरताना ज्या उत्तराची भीती होती, ते नव्हतं मिळालं. मिळालं ते मला हवं असलेलं उत्तर, आणि त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

अब्बांनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर, हातपाय धुता धुता म्हणाले, “सरांले सांगितलं?”

“सांगितलं.”

“मंग?”

“ते म्हणाले, राहू दे. एवढं चालतं.”

“आन तू काय म्हणाली?”

मी भडकले. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली इतक्या मोठ्यानं मी बोलले. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, हे बाजारातलं माप घालणं आहे? हा काही मोहफुलांचा व्यापार नाही, हे शास्त्र आहे. इथे कुणाचं नुकसान होत नाही, कुणी गरीब बाई पाटी घेऊन समोर उभी नाही. एक पुस्तक बांधलं जाईल, कपाटात जाईल, बस. तुम्ही त्या दिवशी आलाच नसता तर काय बिघडलं असतं?

शेवटचं वाक्य मी म्हटलं, हे मला पक्कं आठवतं. अब्बा टॉवेलनं हात पुसत उभे होते. ते जास्तच वेळ पुसत राहिले. मग टॉवेल दोरीवर नीट पसरला आणि नमाजाची वेळ झाली म्हणून बाहेर गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. मधले महिने आम्ही एकमेकांशी भाजी, पाणी, लाईट जाणं, मामाच्या मुलीचं लग्न, सगळ्यावर बोलत होतो.

प्रबंध गेला. दोन परीक्षकांचे अहवाल चांगले आले. तोंडी परीक्षेची नोटीस एप्रिलमध्ये लागली. आमच्याकडे तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, नोटीस बोर्डावर लावतात, नातेवाईक येतात, मागं टेबलावर पेढे-चिवडा झाकून ठेवलेला असतो, कारण निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी अब्बांना म्हटलं, ऊन फार आहे, तुम्ही नका येऊ. ते म्हणाले, “पोरगी डाक्टर होऊन राह्यली आन बाप घरी बसंल काय?” पांढरा कुर्ता इस्त्री करून आले आणि सगळ्यात मागच्या रांगेत बसले. शेजारच्या काकूही आल्या होत्या, चिमणीचं झाकण बघायला.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, वयानं तरुण, आवाज मऊ. कूलरच्या घरघरीत ते काय विचारतात हे ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं. जाळी कशी बनते, छिद्रांचा आकार कसा काढला, पावडर किती वेळा पुन्हा वापरता येते. मी धडाधडा उत्तरं देत होते. सर मान डोलावत होते. मग परीक्षकांनी पान उलटलं.

“पाण्याची वाफसुद्धा अशा पॉलिमरमध्ये पटकन जाते. गॅस कोरडा होता याची खात्री कशी केली? साधी हवा सोडून चाचणी घेतली होती का?”

प्रश्न कठीण नव्हता, आणि त्यात कसला सापळाही नव्हता. विचारायलाच हवा असा प्रश्न होता, आणि तो अब्बांनी त्यांच्या आधी विचारला होता. मी मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. मला न बघताही कळत होतं, ते कसे बसले असतील. दोन्ही हात गुडघ्यांवर, काटा स्थिर व्हायची वाट बघताना बसायचे तसे.

खरं सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य तयार होतं, माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, “हो सर. घेतली होती. फरक नगण्य होता.”

“छान,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी खूण करून पान उलटलं.

टाळ्या झाल्या. सरांनी उभं राहून निकाल वाचला. काकूंनी मला कवटाळलं. पेढ्यांवरचं झाकण निघालं. विद्यार्थिनी प्लेटा फिरवू लागल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांची शेवटची विद्यार्थिनी पास झाली होती. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते आणि माझी नजर हॉलभर अब्बांना शोधत होती.

ते परीक्षकांजवळ उभे होते. सरांनीच त्यांची ओळख करून दिली होती, कौतुकानं, हे तिचे वडील, आमचा काटा यांनीच नीट करून दिला. परीक्षक खरोखर खुश झाले. पुढे होऊन त्यांनी अब्बांचा हात हातात घेतला. म्हणाले, “वा, मग मुलीचं हे सगळं काम तुमच्या नजरेखालीच झालं म्हणायचं. तुम्हाला तर यातलं प्रत्येक वजन ठाऊक असेल.”

मी प्लेट घेऊन तिथवर पोचले होते. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते परीक्षकांकडे बघून हसले, बाजारात एखाद्या साहेबापुढे माणूस हसतो तसं, आणि म्हणाले,

“नाई साहेब. आम्ही अडाणी माणसं. मले यातलं काई समजत नाई.”

आयुष्यभर वजनाचं एक गुंजभर खोटं ज्यांनी चालू दिलं नाही, ते अब्बा माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलले. आणि बोलताना जराही अडखळले नाहीत, कारण अडखळले असते तर मी उघडी पडले असते.

परीक्षक दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले. मी प्लेट अब्बांच्या पुढे केली. म्हटलं, “अब्बा, पेढा.”

“नको, बेटी. मले शुगर हाय.”

त्यांना शुगर नव्हती. ना तेव्हा, ना नंतर कधी.